पंगतीचा गेम

आधीच सांगून ठेवते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. ऱ्हस्व-दीर्घ शिकवत होते तेव्हा मी बहुतेक म्हशीमागं होते, आणि चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. अक्षर म्हणाल तर ओल्या पायाची कोंबडी कागदावरून गेल्यासारखं. ही नातीच्या शाळेच्या जुन्या वहीतली उरलेली पानं आहेत, ती कुणी वाचणार नाही, तरी माफी मागून ठेवते. मला सवय आहे. न्यूझीलंडला आल्यापासून तर मी दुकानाच्या आपोआप उघडणाऱ्या दारालासुद्धा सॉरी म्हणते.

लिहायचंय ते आमच्या मागच्या खोलीत राहणाऱ्या इंजिनिअरबद्दल. लोअर हटला मुलाच्या घरामागं परसात एक सुटी खोली आहे, तिला इथं स्लीपआउट म्हणतात. मुलानं ती त्यांना भाड्यानं दिली होती. इंजिनिअर पुण्याचे, पंचेचाळिशीचे, एकटे. कॉम्प्युटरची चांगली नोकरी सोडून गेम करायला बसले होते. गेम म्हणजे मुलं टीव्हीवर नाहीतर फोनवर खेळतात तो. मला वाटलं नोकरी गेलेली दिसते, बिचारे सांगायला लाजतात. लाजणाऱ्या माणसाबद्दल मला आपलेपणा वाटतो, म्हणून पहिल्याच दिवशी डबाभर पिठलं नेऊन दिलं. पण ते अजिबात लाजत नव्हते. म्हणाले, “सोडली, मावशी. इतकी वर्षं दुसऱ्याच्या पंगतीत वाढलं, आता आपली मांडतो.”

हिवाळ्यात ते अंगात दोन स्वेटर घालायचे आणि पायात जँडल, म्हणजे रबरी स्लिपर. हीटर लावायचे नाहीत, कॉम्प्युटरची ऊब पुरते म्हणायचे. कधी काही विचारलं की एकच उत्तर, “होतंय.” जेवण झालं का? होतंय. भाडं? होतंय. बरं आहे ना? होतंय, मावशी.

सगळ्यात विचित्र म्हणजे त्यांचा भात. दिवसातून चार-चारदा कुकर लावायचे, झाकण काढायचे, मागून टॉर्च धरायचे आणि वाफेकडं बघत बसायचे. खायचे नाहीत. गार झाला की मला आणून द्यायचे. अन्न टाकायचं कसं, म्हणून मी त्याचा फोडणीचा भात करायचे. त्या वर्षी आमच्या घरी इतका फोडणीचा भात झाला की नात शाळेचा डबा न उघडताच म्हणायची, “आजी, नॉट अगेन.”

दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, हे त्यांना त्यांच्या आईनं शिकवलं होतं. पण भांड्यात घालायचं काय, हे शिकवायचं राहून गेलं असावं. माझा स्टीलचा डबा परत यायचा तेव्हा त्यात कधी कुणाच्या तरी कुंपणावरून आलेले फिजोआ, म्हणजे इथले पेरूसारखे आंबटगोड फळ, असत, कधी पेटोनच्या किनाऱ्यावरचा शिंपला. एकदा लिंबाचं एकच पान होतं, एकदा बॅटरीचे दोन सेल. सेल मुलानं रिमोटला घातले, चालले.

आणि दुकानदारांचे ते कर्दनकाळ होते. किटली उशिरा उकळते, परत. छत्री वाऱ्यानं उलटी होते, परत. लोअर हटच्या वाऱ्यापुढं छत्रीनं काय करावं, पण ते ऐकायचे नाहीत. मी मात्र जन्मात काही परत केलेलं नाही. एका उन्हाळ्यात मी सेलमधून जँडल आणल्या, घरी येऊन बघते तर दोन्ही डाव्या पायाच्या. आख्खा उन्हाळा तशाच घातल्या. मुलगा म्हणे, आई, तू जरा तिरकी चालतेस का? मी म्हणाले, वय झालं.

इंजिनिअरनी ते एका नजरेत ओळखलं आणि त्याच पावली मला दुकानात नेलं. ते काउंटरवर, मी बादल्यांच्या मांडणीमागं. त्यांनी काउंटरवरच्या मुलीला इंग्रजीत भाषण सुरू केलं आणि मला कळावं म्हणून मधूनमधून मागं वळून मराठीत सांगत होते, “वस्तू ज्या कामासाठी घेतली, ते काम तिनं करायलाच पाहिजे. हा कायदा आहे, मावशी. उपकार नाही.” ती मुलगी “स्वीट ॲज” म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत ‘चालेल की’, आणि नवीन जोड काढून दिला. भाषण अर्धंसुद्धा झालं नव्हतं. लढाईची तयारी करून जावं आणि शत्रूनं चहा पाजावा, तसं त्यांचं झालं होतं.

त्यांच्या गेमचं नाव होतं ‘पंगत’. खेळणारा वाढपी. त्यानं पानं मांडायची, मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर जागच्या जागी वाढायची, मग भात, वरण, तूप. पाहुणा ‘नको नको’ म्हणतो. त्यातला कोण खरंच नको म्हणतो आणि कुणाला हवं असून संकोच वाटतो, ते ओळखायचं. चुकलं की यजमानाची अब्रू कमी होत जाते, आणि सगळी गेली की खेळ संपतो. मला हे ऐकूनच धडकी भरली. असल्या काळजीचा कुणी खेळ करतो का?

गेममध्ये एक आजी बोलणार होती, ‘घ्या हो थोडं, लाजू नका.’ त्यासाठी त्यांना माझा आवाज हवा होता. मी चार दिवस त्यांना दिसलेच नाही. शेवटी सूनबाईंनी तोडगा काढला. मला गोधड्यांच्या कपाटात उभं केलं, दार लावून घेतलं, आणि इंजिनिअर बाहेर उभे राहिले. आवाज म्हणे कपाटात छान येतो. कपाटाच्या अंधारात, डांबरगोळ्यांच्या वासात, दारामागं लपून मी पुन्हा पुन्हा म्हणत होते, लाजू नका, लाजू नका.

आता पैशाचं. गेम करायला पैसे लागतात आणि ते इंटरनेटवर लोकांकडून थोडेथोडे जमवायचे असतात. ठरलेल्या मुदतीत ठरलेली रक्कम जमली तर काम सुरू, नाहीतर ज्याचे त्याला परत. शंभर डॉलर देणाऱ्याचा चेहरा गेममधल्या पंगतीत बसणार होता. मुदत संपत आली, रक्कम भरेना. ते डबा द्यायला आले तेव्हा त्यांचं तोंड उतरलेलं होतं. मी म्हणाले, मला ते नीट समजत नाही. ते म्हणाले, “मावशी, भिशीच समजा.”

हे त्यांनी म्हणायला नको होतं. कारण जगात एकच धंदा मला समजतो, तो भिशीचा.

मंगळवारी सकाळी आम्ही मराठी आज्या लायब्ररीत जमतो, तिथं हीटर फुकट असतो. सगळ्या आपापल्या मुलांकडं आलेल्या. आमची वीस-वीस डॉलरची भिशी होती आणि ती माझ्याकडं होती. जी बोलत नाही ती पैसे खाणार नाही, असा सगळ्यांचा समज. मी पुढच्या मंगळवारी मान खाली घालून सांगितलं की ह्या वेळची भिशी मोठी, शंभराची, पहिला नंबर इंजिनिअरचा, शिवाय प्रत्येकीचा चेहरा पंगतीत. मी एवढं लांब वाक्य बोललेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्या धक्क्यानंच बहुतेक सगळ्यांनी पैसे दिले.

वायनुईच्या ताईंनी एक विचारलं. वायनुईला राहतात म्हणून आम्ही त्यांना तसं म्हणतो. त्या म्हणाल्या, “माझा चेहरा राहू दे. आमच्या ह्यांना बसवतील का?” त्यांचे यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती. कुणाच्या तरी लग्नात काढलेला, बाह्या सारून हसतानाचा फोटो त्यांनी पर्समधून काढला. घरी येऊन मी तो दाखवला, तर इंजिनिअर म्हणाले, बसवू की.

तर अशी मी त्यांना नऊजणींची रोख रक्कम डब्यातून नेऊन दिली. मुलानं त्यांच्या इंटरनेटवरच्या पानावर माझ्या नावानं ती दाखवली, मला एका चौकोनात खूण करायला सांगितली, मी केली. तिथले नियम मी वाचले असते तरी काय, इंग्रजीत होते.

रक्कम भरली आणि पुढच्या महिन्यापासून मी हप्त्याची वाट बघायला लागले. पहिला नंबर ज्याचा, त्यानं पुढं दर महिन्याला भरायचं, हा भिशीचा नियम. पण दर महिन्याला हप्त्याऐवजी निवेदन यायचं. भाताला आता वाफ आली आहे. वाफ वाऱ्यानं हलते आहे. आंबेमोहोराची वाफ आणि कोलमची वाफ वेगळी दिसली पाहिजे, त्यावर काम चालू आहे. लोकांना इतकं आवडलं आहे की आता मांडव पण दाखवणार, आचारी पण दाखवणार. मुलगा मला वाचून दाखवायचा. मी विचारायचे, पंगत बसली का? तो म्हणायचा, अजून पानं मांडतायत.

वर्ष गेलं. लायब्ररीत नाईनाईला राहणाऱ्या वहिनींनी सुरुवात केली. त्या तोंडाच्या तिखट. “काय गं, वाफ तरी पाठव घरी, इडल्या लावते.” दुसरी म्हणाली, आपण मेल्यावर बसवणार असतील, तेव्हा पैसेही लागत नाहीत. सगळ्या हसल्या, मीही हसले. पण पुढच्या महिन्यात वीस डॉलरची भिशी कुणी भरली नाही. कुणी पर्सच उघडली नाही. मी लायब्ररीत जायचं बंद केलं. गुडघा दुखतो म्हणून निरोप दिला. तो गुडघा मला त्या वर्षी फार उपयोगी पडला.

वायनुईच्या ताईंनी मात्र एकदाही टोमणा मारला नाही. त्या फोन करून विचारायच्या, “ह्यांना कुठं बसवलंय? दाराजवळ नको, त्यांना वारा सोसत नाही.” मला त्या टोमण्यांपेक्षा हे जड जायचं.

एकदा जेवताना हा विषय निघाला. मुलानं त्या साइटवरचे नियम वाचले. म्हणे, ही वेबसाइट म्हणजे दुकान नाही. आई, तू काही विकत घेतलेलं नाहीस, एका प्रयत्नाला हातभार लावलास. प्रयत्न फसू शकतो. सूनबाई एका ऑफिसात लोकांच्या तक्रारी ऐकायच्या कामाला आहेत. त्या म्हणाल्या, असं कसं, शंभर डॉलरला चेहरा बसवतो म्हटलं की तो सौदा झाला. नात म्हणाली, “इट वॉज नेव्हर अ भिशी, आजी.” सूनबाईंनी सांगितलं की इथं लहान तक्रारींचं कोर्ट असतं, वकील लागत नाही, टेबलाशी बसवून ऐकून घेतात.

“पण आई, आधी तुम्ही ग्राहक आहात की नाही, हेच ठरवावं लागेल.”

मी कढीचं भांडं पुढं केलं. दोन डाव्या जँडल घालून उन्हाळा काढणारी बाई ग्राहक असते का, हे मलाच सांगता आलं नसतं. आणि ज्या माणसाचा भात वर्षभर फोडणी घालून खाल्ला, त्याच्यावर कोर्टात बोट दाखवायचं कसं? टेबलाशी बसवलं तरी मी टेबलाखाली गेले असते.

मग मला आमच्या गावची रीत आठवली. कुणी पैसे बुडवले की ज्याचे बुडाले तो त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचा. बोलायचं नाही, भांडायचं नाही, नुसतं बसायचं. येणारेजाणारे बघतात, लाजेनं तो माणूस पैसे काढतो. मला वाटलं, ही रीत माझ्यासारखीसाठीच निघाली असणार.

दुसऱ्या दिवशी मी मटार सोलायला घेऊन त्यांच्या पायरीवर बसले. बसल्यावर चूक लक्षात आली. ह्या रीतीला येणारेजाणारे लागतात. आमच्या परसात कोण येणार? कुंपणापलीकडून एक बाई कुत्रं घेऊन गेली, तिनं हात हलवला, “किया ओरा” म्हणाली. मीही हात हलवला. इंजिनिअरनी दार उघडलं, आनंदानं म्हणाले, अरे वा, मावशी, आणि खुर्ची आणून दिली. दुसऱ्या दिवशी उशी दिली. तिसऱ्या दिवशी वारा होता म्हणून अंगावर घोंगडी घातली आणि चहा केला. माझ्या धरण्याला इतकी बडदास्त मिळाली की घरी यायला नको वाटायला लागलं. त्यांना वाटत होतं मी एकटी पडलेय, सोबतीला येते. कदाचित तसंही असेल.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला आत बोलावून गेम दाखवला. मोठ्या पडद्यावर एक पान, त्यावर भाताची मूद, आणि तिच्यावरून वाफ निघत होती. खरं सांगते, मला भूक लागली. त्या वाफेपलीकडं पंगत होती. बसलेली माणसं सगळी करड्या मातीच्या बाहुल्यांसारखी, नाकडोळे नसलेली. फक्त तिसऱ्या पानावर एकाला चेहरा होता. बाह्या सारलेल्या, हसणारा. दारापासून लांब बसवलेला. त्याचा हात पानाभोवती पाणी फिरवायला उचललेला होता आणि तिथंच थांबलेला होता.

“भात कसा वाटतो, मावशी?”

“छान आहे,” मी म्हणाले. मग मी जमिनीकडं बघितलं, कारण जमिनीकडं बघून मला बोलता येतं. “पण वस्तू ज्या कामासाठी घेतली ते काम तिनं करावं, असं तुम्हीच दुकानात म्हणाला होता.”

ते गडबडले. म्हणाले, “पण मावशी, मी काही विकलेलं नाही. तो सहभाग असतो. नियमातच आहे तसं.”

“मग मी काय केलं?”

टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. मला खरंच कळत नव्हतं. ते ‘होतंय’सुद्धा म्हणाले नाहीत. मी मटाराची टरफलं गोळा केली आणि आले. विश्वास टाकला होता, तो कुठल्या काउंटरवर परत करायचा, असं एक झकास वाक्य मला सुचलं, पण ते भांडी घासताना. माझी चांगली वाक्यं नेहमी भांडी घासतानाच येतात.

त्या महिन्याचं निवेदन दोन ओळींचं होतं. मुलानं वाचलं. भात चांगला झाला आहे, पंगत मला जमणार नाही. सगळ्यांचे पैसे परत करीन, वेळ द्या. मुलगा म्हणाला, कुठून देणार, सगळे कॉम्प्युटरात आणि कुकरात गेलेत. काही लोकांनी इंटरनेटवर त्यांना चोर म्हटलं. फिनलंडच्या एका माणसानं मात्र लिहिलं की त्यानं वाफ बघून भात करायला घेतलाय. इंजिनिअरनी ते मला दोनदा सांगितलं.

मग ते क्राइस्टचर्चकडं गेले, हॉर्नबीला. तिथल्या एका गोदामात कॉम्प्युटर सांभाळायची नोकरी धरली. जाताना मी डब्यात लाडू दिले. डबा गेला तो गेलाच. हिवाळा संपून फिजोआची झाडं पुन्हा फुलली आणि फळलीही. मी मनात म्हणाले, डब्यावरही पाणी सोडावं.

एका रविवारी दार वाजलं. अंगात एकच स्वेटर, पायात चक्क बूट, हातात माझा डबा. त्यांची वाफ विकली गेली होती. कुठल्यातरी परदेशी कंपनीच्या गेममध्ये गरम पाण्याची कुंडं आहेत, त्यावर ती वाफ बसणार होती. पंगत नको, भात नको, नुसती वाफ, आणि तिचे इतके पैसे आले की सगळ्यांचे परत करून झाले. इतरांचे ज्याच्या त्याच्या कार्डावर गेले, आमचे रोख होते म्हणून रोख आणले.

“भांडं रिकामं आणलेलं नाही,” ते म्हणाले.

मी झाकण उघडलं. नोटा होत्या, आणि वर सवयीनं ठेवलेला एक फिजोआ.

जाता जाता पायरीवर थांबले. “तुमचा आवाज विकला नाही, मावशी.” मग खोटं बोलवेना म्हणून पुढं म्हणाले, “त्यांनी मागितलाही नाही म्हणा.”

मंगळवारी मी लायब्ररीत गेले. गुडघा बरा झाला म्हणून सांगितलं. एकेकीच्या हातावर तिचे तिचे शंभर ठेवले. नाईनाईच्या वहिनी म्हणाल्या, वाफेचे पैसे आले म्हण, म्हणजे आता मी हवा विकायला काढते, लोअर हटला कमी नाही. सगळ्या हसल्या, आणि ह्या वेळी मला हसायला जड गेलं नाही.

वायनुईच्या ताईंना मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. त्यांनी नोटा घेतल्या, मोजल्या नाहीत. 

“म्हणजे ह्यांचं पान उचललं म्हणायचं.”

मी सॉरी म्हणाले, मला तेवढंच येतं. सांगावंसं वाटत होतं की त्यांना दारापासून लांब बसवलं होतं, वारा लागत नव्हता. तेही सांगितलं शेवटी, टेबलाकडं बघून.

“बसवलं होतं?” त्या म्हणाल्या. “तू बघितलंस?”

“तिसऱ्या पानावर. हसत होते.”

त्यांनी मान हलवली. पर्स उघडून शंभर आत ठेवले, नीट, फोटोच्या बाजूला. सगळ्यांचे सगळे पैसे फिटले होते, डबा रिकामा होता. मी तो पिशवीत घालायला लागले तर ताईंनी माझा हात धरला, पर्समधून वीस काढून त्यात ठेवले आणि म्हणाल्या, ह्या महिन्याची भिशी.

मी मान वर न करता ते दोनदा मोजले. नोट एकच होती.